जुईला पोळी लागते

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "सिलिअ‍ॅक डिसीज. आता शंका नाही."

मी पहिला प्रश्न विचारला तो असा: "हे तिला संस्थेतच झालं ना?"

मूल बरं होईल का, हा प्रश्न माझ्या नवऱ्याने, सुधीरने विचारला. मला तो सुचलाच नाही. आधी गुन्हेगार सापडला पाहिजे, मग बाकीचं. माझा स्वभावच तसा. कोथरूडच्या एका शाळेत मी एकोणीस वर्षं मराठी शिकवते. एकोणीस वर्षं पेपर तपासले की समोरच्याने साधा नमस्कार केला तरी 'हा कुणाचं बघून करतोय' असं वाटायला लागतं.

"हे कुठे 'होत' नाही हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ती प्रवृत्ती तिच्यात जन्मापासूनच आहे. पोटात गहू गेला की आजार जागा होतो."

सिलिअ‍ॅक म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं तसं सांगते. गव्हात ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक मळल्यावर तिला जो चिवटपणा येतो, तो त्याचा. काही माणसांच्या शरीराला हे ग्लूटेन शत्रू वाटतं. त्याच्याशी भांडता भांडता शरीर आपल्याच लहान आतड्याचं अस्तर झिजवून टाकतं. अस्तर झिजलं की खाल्लेलं अन्न रक्तात जात नाही. मूल जेवतं, पोट टम्म दिसतं, आणि आत उपास चालू असतो. मग ते वाढायचं थांबतं.

माझी मुलगी आठ महिने माझ्या डोळ्यांसमोर अशी उपाशी होती. मी तिला रोज पोळी भरवत होते.

जुई आमच्याकडे आली तेव्हा साडेचार वर्षांची होती, म्हणजे कागदावर. साधारण वर्षाची असताना ती संस्थेत आली आणि तिच्या जन्मतारखेपुढे 'अंदाजे' असं लिहिलेलं होतं. त्या एका शब्दापायी मी महिनाभर झोपले नव्हते. अंदाजे म्हणजे किती अंदाजे? सहा महिने? दोन वर्षं? सुधीर म्हणाला, "अगं, मुलगी घरी आणतोय की सेकंडहँड गाडी?" मी गप्प बसले, पण शंका काही बसली नाही.

अनाथ मुलांची ती संस्था कात्रजच्या पुढे. जुईला आणायला गेलो तेव्हा दारात एक मावशी उभी होती, कमलमावशी. यवतमाळकडची, पन्नाशीची, दंडावर गोंदलेलं. मुलांच्या खोलीत दोन मावश्या आणि चाळीसेक मुलं, त्यातली ही एक. तिने जुईची पिशवी माझ्या हातात दिली आणि वर घडी केलेला वहीचा अर्धा कागद. बोलली काहीच नाही. जुई तिच्या पदराची गाठ सोडेचना, तेव्हा तिनेच एकेक बोट सोडवलं. मला तेही नाटक वाटलं. देवा, काय माणूस मी!

घरी येऊन कागद उघडला. पेन्सिलीने लिहिलं होतं:

'झोपताना दिवा लागतो. दूध कोमट लागते. भाकर कुस्करून द्या. पोळी लागते. रडली त पाठीवर हात फिरवा.'

'त' नव्हे, 'तर', असं माझ्या मनातल्या लाल पेनाने लगेच दुरुस्त केलं. बाकी मजकूर स्पष्ट होता. दिवा हवा, कोमट दूध हवं, पोळी हवी. भाकरी म्हटलं ते संस्थेतली गरिबी. आता आपल्या घरी आली आहे, पोळी लागते ना, घे बाळा, वाट्टेल तेवढी घे.

सकाळी तूप-साखर लावून पोळीची गुंडाळी. बालवाडीच्या डब्यात पोळीचा लाडू. संध्याकाळी शिकरण-पोळी. आमच्या घरात इतक्या प्रेमाने कणीक कधी मळली गेली नव्हती.

पहिल्याच आठवड्यात तिला आमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. वृद्ध, अनुभवी माणूस. वजन तेरा किलो चारशे ग्रॅम, उंची पंचाण्णव सेंटिमीटर. त्यांनी ग्रोथ चार्टवर टिंब काढलं. ग्रोथ चार्ट म्हणजे वयाप्रमाणे उंची-वजन कसं वाढावं ते दाखवणाऱ्या वाकड्या रेघांचा तक्ता. जुईचं टिंब सगळ्यात खालच्या रेघेच्याही खाली पडलं.

"घाबरू नका. संस्थेतली मुलं बहुतेक अशीच येतात," ते म्हणाले. "पोट भरतं हो त्यांचं, पण चाळीस मुलांना मांडीवर कोण घेणार? मांडी मिळाली नाही की मूल उंचीलाही कमी राहतं. घरी आलं, माया मिळाली, की सहा महिन्यांत झपाट्याने वाढतं. कॅच-अप ग्रोथ म्हणतात त्याला, राहिलेली वाढ भरून काढणं. बघाच तुम्ही."

बघत बसले. दुसऱ्या महिन्यात तिचं पोट फुगायला लागलं. हातपाय काटक्या आणि मध्ये मडकं. शी दिवसातून चार वेळा, फिकट, भयंकर वासाची. केस विंचरले की फणीत पुंजका यायचा. खेळायला नेलं तर बाकावर बसून राहायची. चिडायची आणि रडायची, आणि रडताना 'मावशी' म्हणून हाक मारायची. ते शेवटचं मला सगळ्यात जास्त लागायचं, खोटं कशाला बोलू?

डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, लोहाचं दिलं. हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातला प्राणवायू वाहून नेणारा लाल घटक, आठच्या आसपास होता. तीन महिने लोहाचं औषध घेऊनही तो हलला नाही.

मग माझा तपास सुरू झाला. दुधात पाणी असणार, म्हणून दूधवाला बदलला. नव्या दूधवाल्यावरही विश्वास नव्हता, म्हणून पिशवीचं दूध आणलं. बालवाडीत कुणीतरी तिचा डबा खात असणार, म्हणून एक दिवस रजा काढून खिडकीच्या बाहेर उभी राहिले. डबा जुईच खात होती, लाडू शेवटच्या कणापर्यंत. डॉक्टरांचा वजनकाटा बिघडलेला असणार, म्हणून नवा काटा आणला. नव्या काट्यावर ती शंभर ग्रॅमने आणखीच कमी भरली. साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ना, ते मी घरभर करत होते.

सहाव्या महिन्यात वजन तेरा किलोच्या खाली गेलं. राहिलेली वाढ भरून निघायची ती नाहीच, उलट होतं ते गळायला लागलं. आता संशयाला एकच जागा उरली: संस्था. त्यांना हे माहीत होतं आणि त्यांनी लपवलं. आजारी मूल आमच्या गळ्यात बांधलं.

आणि एका दुपारी जुईनेच पुरावा दिला. मी सहज विचारलं, "तिकडे मावशी काय द्यायची गं जेवायला?"

"भात. भाकरी. वरण."

"आणि पोळी?"

"पोळी नाही. सगळ्यांना पोळी, मला नाही. बिस्कीट पण घ्यायची."

"घ्यायची म्हणजे?"

"माझ्या हातातून काढून घ्यायची. मला चिक्की द्यायची."

माझं डोकंच फिरलं. कागदावर लिहायचं 'पोळी लागते' आणि प्रत्यक्षात द्यायची नाही! सगळ्यांना द्यायची आणि या एका लेकराला ताटाकडे बघत बसवायचं! वाढदिवसाला लोक एवढे बिस्किटांचे पुडे घेऊन जातात, ते तिच्या हातातून काढून घ्यायचे! कुठे जात होते ते? कुणाच्या घरी?

त्याच संध्याकाळी मी संस्थेच्या अधीक्षकबाईंना पत्र लिहिलं. दोन पानं, मुद्देसूद. मुलांत भेदभाव करणं, तोंडचा घास काढून घेणं, वजनाच्या नोंदींबाबत गंभीर शंका. कमलमावशीचं नाव तीनदा. सुधीर म्हणाला, "आधी एकदा जाऊन बोलून तरी ये." मी म्हटलं, "बोलून काय होतं? लेखी दिलं की हलतात लोक." आणि खरंच हलले. तीन आठवड्यांनी उत्तर आलं की संबंधित कर्मचारी आता सेवेत नाही. मला त्या दिवशी रात्री छान झोप लागली.

जुईचं वजन मात्र त्यानेही वाढलं नाही.

बालरोगतज्ज्ञांनी आता स्वतःच हात टेकले आणि मुलांच्या वाढीच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. प्रतीक्षागृहात तीन तास. समोरच्या भिंतीवर उंची मोजायचा जिराफ रंगवलेला. जुई त्याच्या गुडघ्यापाशी उभी राहिली आणि मान वर करून बघत राहिली. शेजारच्या बाईने विचारलं, "तीन वर्षांची का?" मी म्हटलं, "तुमची किती वर्षांची?" चौकशी तिथेच थांबली.

फॉर्म भरायला दिला. त्यात एक रकाना होता: आईची उंची, वडिलांची उंची. मूल किती वाढू शकेल याचा अंदाज त्यावरून काढतात. मी पाच फूट तीन इंच लिहिलं. सुधीरचे पाच-नऊ लिहिले. लिहून झाल्यावर लक्षात आलं. खोडायला हात उचलेना. आत डॉक्टरीणबाईंनी फॉर्म बघितला, फाइल बघितली, आणि त्या आकड्यांशेजारी बारीक अक्षरात 'दत्तक' लिहिलं. खोडलं नाही. त्या एका गोष्टीसाठी मी त्यांच्यावर थोडा विश्वास टाकायचं ठरवलं. थोडाच.

त्यांनी डाव्या मनगटाचा एक्स-रे काढायला सांगितला. याला बोन एज म्हणतात, हाडांचं वय. हातातली छोटी हाडं कुठपर्यंत तयार झाली त्यावरून कळतं. जुईच्या हाडांचं वय तीन वर्षांच्या आसपास आलं.

"बघा, वय खोटं सांगितलं!" मी म्हटलं.

"दात पाच वर्षांचे आहेत, बोलणं पाच वर्षांचं आहे. वय खरं आहे," त्या म्हणाल्या. "हाडं मागे राहिली आहेत, मुलगी नाही. मला तिच्या संस्थेतल्या वजनाच्या नोंदी मिळतील का?"

नोंदींच्या झेरॉक्स मी तक्रारीच्या वेळीच मागून घेतल्या होत्या. टेबलावर ठेवल्या. "सगळ्या बनावट आहेत. शेवटचं दीड वर्ष एकच अक्षर, एकच पेन्सिल. एका बैठकीत बसून भरलेलं दिसतंय."

त्यांनी प्रत्येक आकडा चार्टवर मांडला. वेळ घेतला. दीड ते तीन वर्षं रेघ खाली खाली जात होती. तीन वर्षांनंतर, ती पेन्सिल सुरू झाली तिथून, रेघ वळली आणि हळूहळू वर निघाली. एका महिन्यात तापामुळे दोनशे ग्रॅम घटले होते, तेही लिहिलं होतं.

"खोटं भरणारा माणूस घटलेलं वजन कशाला लिहील?" त्या म्हणाल्या. "इथे कोणीतरी या मुलीला दर महिन्याला खरोखर उचलून काट्यावर ठेवलंय. आणि तुमच्याकडे आल्यावर रेघ परत खाली. आपण रक्ताची एक तपासणी करू."

टीटीजी नावाची तपासणी. ग्लूटेनवर चिडून शरीर जे प्रतिद्रव्य तयार करतं, ते मोजतात. आकडा भलताच वर आला. मला वाटलं, डॉक्टर आणि लॅब यांचं साटंलोटं असणार. दुसऱ्या लॅबमध्ये परत केली. तिथेही तेच. दोन्ही लॅब मिळून कट करतायत, असाही विचार येऊन गेला. पण तो मलाही पचला नाही.

आता पक्कं करायला एंडोस्कोपी. घशातून बारीक नळी लहान आतड्यापर्यंत घालायची, आत बघायचं आणि अस्तराचा कणभर तुकडा तपासायला काढायचा. त्या तुकड्याच्या तपासणीला बायोप्सी म्हणतात. तारीख दहा दिवसांनंतरची मिळाली. आणि इथे एक गोष्ट, जी तुम्ही लक्षात ठेवा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तोपर्यंत गहू बंद करायचा नाही. बंद केला तर आतडं सुधारायला लागतं आणि तपासणीत काही सापडत नाही. रोज पोळी द्या."

मी ओरडलेच. "विष आहे म्हणता आणि भरवायला सांगता?"

"दहा दिवस. मग आयुष्यभर नाही."

ते दहा दिवस मी कसे काढले ते मला विचारू नका. पोळी करायची, तूप लावायचं, घास करायचा. ती तोंड उघडायची. किती विश्वासाने उघडायची ते! मी भिंतीकडे बघून भरवायचे. तुमच्यावर ही वेळ आली तर नवऱ्याला भरवायला सांगा, निदान आळीपाळीने तरी.

एंडोस्कोपीच्या दिवशी सकाळपासून उपाशी. इवलासा हिरवा गाऊन, तोही तिला घोट्यापर्यंत. भूल द्यायला नेताना तिने विचारलं, "आई, तू इथेच ना?" मी म्हटलं, "दारात." पाऊण तास दारात उभी होते. आत कोण कोण गेलं, कोण बाहेर आलं, सगळ्यांची तोंडं पाठ केली होती, काही झालं तर असावीत म्हणून. काही झालं नाही. ती झिंगलेल्या डोळ्यांनी बाहेर आली आणि भात मागितला.

सहा दिवसांनी तो रिपोर्ट, ज्याबद्दल सुरुवातीला सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला चार्ट परत दाखवला. "मला एकच कोडं आहे. तिथे तीन वर्षांनंतर ती वाढत होती. आजार तर होताच. मग तिथे काय खायची?"

"तेच तर सांगते!" मी म्हटलं. मला भांडायला निमित्तच मिळालं. "तिथल्या मावशी हिला पोळी द्यायच्याच नाहीत. सगळ्यांना द्यायच्या, हिला नाही. बिस्कीट हातातून काढून घ्यायच्या. आणि लिहून मात्र दिलंय बघा. हे बघा लेखी." मी फाइलमधून तो अर्धा कागद काढून टेबलावर आपटला. "पोळी लागते! स्वतःच्या अक्षरात!"

त्यांनी कागद वाचला. मग माझ्याकडे बघितलं. मग परत कागद.

"या मावशी कुठल्या?"

"यवतमाळकडच्या."

"मॅडम," त्या हळूच म्हणाल्या, "माझ्याकडे रोज गावाकडच्या बायका येतात. सांगतात, बाळाला दूध लागतं, केळं लागतं. मी नवीन होते तेव्हा मलाही कळायचं नाही. सुपारी लागते ना आपल्याला? ऊन लागतं? पाणी लागतं? तसं. पोळी लागते म्हणजे पोळी बाधते."

सुधीर म्हणाला, "अरे देवा."

'लागणे' या क्रियापदाचे भिन्न अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा, हा प्रश्न मी नववीच्या पेपरात स्वतः काढते. पाच मार्कांना. भूक लागणे, ठेच लागणे, वेड लागणे. मुलांनी चार अर्थ लिहिले तर मी एक मार्क कापते. आणि चौथी-पाचवी शिकलेल्या एका बाईने एक वाक्य लिहिलं, ते मला आठ महिने कळलं नाही. कारण मी ते वाचलंच नव्हतं. त्यात चुका शोधल्या होत्या.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चाळीस मुलांत तिने हे ओळखलं. कुठली तपासणी नाही, काही नाही. शी बघून ओळखलं असणार. अशा माणसाचं काय करायला पाहिजे ना?"

काय केलं ते मी त्यांना सांगितलं नाही. सुधीर जमिनीकडे बघत होता. जुई बाहेर जिराफापाशी खेळत होती. मी हॉस्पिटलच्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले, अगदी ओक्साबोक्शी. आलेल्या बाईने 'कोण गेलं?' असं विचारलं.

ज्यांना हाच आजार निघालाय त्यांच्यासाठी थोडं स्वयंपाकाचं सांगते. औषध नाही. गहू, रवा, मैदा, सातू, सगळं कायमचं बंद, चिमूटभरसुद्धा नाही. पोळपाट-लाटणं वेगळं. ज्वारी गिरणीत दळायची नाही, कारण आधी कुणाचे तरी गहू दळलेले असतात, घरघंटी घ्या. डबीतल्या हिंगात मैदा असतो, हे मला साठ टक्के पुणेकरांना पटवून द्यावं लागलंय असं वाटतं. पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा, दुकानदाराचं ऐकू नका. लग्नात 'एवढ्याने काय होतंय' म्हणणाऱ्या आत्या-मावश्यांना ताटापासून चार हात लांब ठेवा. इथे माझा संशयी स्वभाव एकदाचा कामाला आला. ताकच काय, मी पाणीही फुंकून देते.

पंधरा दिवसांत पोट उतरलं. महिन्याने ती बालवाडीतून धावत घरी आली. चालत नव्हे, धावत, आणि मी जिन्यात उभी राहून बघत बसले. सात महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी उंची मोजली: एकशे एक सेंटिमीटर. मी म्हटलं, "परत मोजा." त्यांनी परत मोजली. मी म्हटलं, "टाचा उचलल्यात का बघा." त्या हसल्या आणि तिसऱ्यांदा मोजली. वजन पंधरा किलो आठशे.

त्या सात महिन्यांत मी कमलमावशीकडे गेले नव्हते. खरं ते सांगते. रिपोर्टच्या दुसऱ्याच दिवशी अधीक्षकबाईंना दुसरं पत्र लिहिलं: माझी तक्रार चुकीची होती, तुमच्या मावशींनी माझ्या मुलीला वाचवलंय, त्यांना परत घ्या. पत्र लिहिणं मला जमतं. समोर जाऊन उभं राहणं जमत नव्हतं. मनात म्हणायची, आधी जुई जरा वाढू दे, मग जाऊ. एकशे एकनंतर ती सबबही संपली.

अधीक्षकबाईंकडून पत्ता मिळाला. वाघोलीत मुलींच्या एका वसतिगृहाच्या भटारखान्यात. रविवारी दुपारी जुईला घेऊन गेले. मागच्या दारातून भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता. हाक मारली तर ती पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. मला ओळखलं. जुई माझ्या मागे होती, तिला आधी दिसली नाही.

"पोरगी कशी हाये?" तिचा पहिला प्रश्न हा होता. माझ्यासारखा नव्हता.

मी पाठ करून आणलेलं म्हटलं. तुमची नोकरी माझ्यामुळे गेली. मी तक्रार केली. मी चुकले.

"हाव, मले वाचून दाखवलं ते पत्र," ती म्हणाली. "लय शुद्ध लिवलं होतं तुमी."

टोमणा होता की खरंच म्हणत होती, मला आजही सांगता येणार नाही. एरवी मी ताबडतोब टोमणा धरला असता.

"मला त्या वाक्याचा अर्थ कळला नाही, मावशी."

"त मले इचाराचं ना, ताई. दारातच त उभी होती मी."

संस्थेत परत या, अधीक्षकबाई घ्यायला तयार आहेत, असं मी म्हटलं. तिने मान हलवली. "नाही जात आता. इथल्या पोरी मोठ्या हायेत. सोडून गेल्या त जीव तुटत नाही."

हे लिहिते आहे ते तुमच्यासाठी, जे संस्थेतून मूल घरी आणणार आहात. जन्मतारीख तपासा, कागद तपासा, हवं तर वजनकाटा तपासा. पण मुलाला रोज कोण भरवत होतं ते आधी शोधून काढा आणि त्या बाईसमोर तासभर बसा. ती जे सांगेल ते कुठल्याच फाइलमध्ये नसतं. मला तो तास नको होता, कारण मला वाटत होतं मूल आता माझं आहे आणि तिचा काय संबंध.

आवाज ऐकून जुई माझ्या मागून पुढे आली. क्षणभर बघत राहिली. सव्वा वर्ष झालं होतं. मग तिने हात वर केले, जसे तिने माझ्यासमोर कधीच केले नव्हते. मी तिला घ्यायची, ती मागायची नाही.

कमलमावशीने हात पदराला पुसले, तिच्या काखेत घातले आणि उचललं. गुडघ्यांपर्यंत आली, कमरेपर्यंत आली, आणि मावशीचा श्वास अडकला. तिने परत जोर लावला. नाही जमलं. जुईचे पाय परत जमिनीला टेकले आणि मावशी तिला धरूनच पायरीवर बसली, हसत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"नाही उचलवत मले आता," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "नाही उचलवत हो ताई. जड झाली पोरगी."

मी मदतीला वाकले. ती म्हणाली, "राहू द्या," आणि जुईला मांडीवर ओढून घेतलं. मी बाजूला उभी राहिले.